पोराचे खाडे कोण लिहितंय? नाशकात हायस्कूलला नवीन आलेल्या पालकांसाठी

दूधवाल्याचे खाडे आपण लिहितो, कामाला येणाऱ्या मावशींचे लिहितो, गॅसची टाकी कधी लावली ते पण कालनिर्णयावर पेनाने टिपलेलं असतं. पोरगं महिन्यात किती दिवस शाळेत गेलं नाही हे मात्र घरात कुणालाच सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं. आमचा धाकटा नववीत असताना डिसेंबरच्या पालकसभेला गेले, मॅडमनी हजेरीपट उघडून बोट ठेवलं, ११० दिवसांपैकी ७५ हजर. म्हणजे ६८ टक्के. माझ्या हिशोबाने फार तर दहा-बारा दिवस बुडाले होते आणि पटावर निघाले ३५. मी तिथेच वाद घातला की तुमचं काहीतरी चुकलंय म्हणून, घरी येऊन एकेक दिवस आठवत बसले तर चूक माझीच निघाली.

तर ज्यांचं पोरगं यंदा झेडपीच्या किंवा मनपाच्या शाळेतून हायस्कूलला आलंय, किंवा जे बदली-नोकरीमुळे नाशकात नवीन आलेत, त्यांच्यासाठी लिहितेय. मी शिक्षिका वगैरे नाही, सिडकोत राहते, हे अंबडला कंपनीत शिफ्टला असतात, घरी दोन पोरं. जे केलं, जे फसलं आणि पुढच्या वर्षी जे जमलं ते सांगते.

आधी आकडा डोक्यात बसवा

दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला शाळेतून बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते. आपल्या स्टेट बोर्डाला लागते, सीबीएसईलाही लागते. टक्के म्हटलं की आपलं लक्ष उडतं म्हणून दिवसांत सांगते. वर्षाचे कामाचे दिवस धरा साधारण २२०, त्याचे ७५ टक्के झाले १६५. म्हणजे ५५ दिवस हातात आहेत असं वाटतं, भरपूर वाटतात ना? आता आठवड्याला फक्त एक दिवस बुडाला तर वर्षाला चाळीसेक दिवस तिथेच गेले. मग एक टायफॉइड किंवा डेंग्यू, मामाचं लग्न, दिवाळीनंतर गावाहून चार दिवस उशिरा येणं, संपले ५५. आणि हा परीक्षेचा काठ आहे हो, त्याच्यावर पोरगं उभं राहिलं म्हणजे त्याला गणित आलं असं नाही.

आठवीपर्यंत हे कुणाला जाणवत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, त्यामुळे घरातही "बघू नंतर" चालतं. तीच सवय नववीत येते आणि नववीत सगळं वेगळं असतं. विज्ञानाचं प्रात्यक्षिक, वह्या, गृहपाठ, तोंडी, असे अंतर्गत गुण सुरू होतात, दहावीला तर ते निकालातच धरतात. त्या तासाला पोरगं नसेल तर ते गुण घरी बसून मिळत नाहीत.

कमी पडलेच तर? खरं आजारपण असेल तर शाळेमार्फत कागद जोडून बोर्डाकडे विनंती करता येते, नाशिकला विभागीय मंडळ आहेच. पण ते अगदी शेवटचं, आणि कागद त्या-त्या वेळचे लागतात, फेब्रुवारीत बसून ऑगस्टचं सर्टिफिकेट मागितलं तर कुठला भला डॉक्टर देईल. आणि कुणी म्हणालं ना की एवढं काय, १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा, तो भरून टाका, तर त्याचंही ऐकू नका, त्या फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी असते आणि तो ज्यांची शाळा खरंच सुटलीये त्यांच्यासाठी आहे, ज्यांचा अलार्म वाजत नाही त्यांच्यासाठी नाही.

शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात करायचं

पुस्तकांना कव्हरं घालायच्या आधी हे करा. वर्गशिक्षकांना एकदा समोरासमोर भेटा. शाळा सुटताना गेटवर नाही, तेव्हा त्यांना अर्धा मिनिट पण नसतो, डायरीत लिहून वेळ मागा. भेटल्यावर तीन गोष्टी विचारा. हजेरी कधी घेतात आणि उशिरा आलेल्याचं काय करतात, गेट बंद होतं का, अर्धा दिवस मांडतात का. पोरगं येणार नसेल तर कुणाला कळवायचं, ग्रुपवर की मॅडमना वेगळं. आणि महिन्याच्या शेवटी कामाचे दिवस किती आणि हजर किती हे दोन आकडे मला मेसेजने मिळतील का. प्रगतिपुस्तकात हे आकडे येतात खरे, पण ते हातात येईपर्यंत सत्र संपलेलं असतं. आमच्या मॅडम आधी जरा त्रासल्या, साठ-सत्तर पोरांचा वर्ग, त्यांचंही बरोबर आहे, मग म्हणाल्या तुम्हीच एक तारखेला मेसेज टाकत जा, मी पट बघून सांगेन. तेव्हापासून दर एक तारखेला टाकते.

दुसऱ्या गावाहून मधेच आलेले असाल, जळगाव-धुळ्याकडून म्हणा किंवा मुंबईहून, तर शाळा सोडल्याचा दाखला आणताना जुन्या शाळेतून तोपर्यंतच्या हजेरीचा कागदही सही-शिक्क्यानिशी मागून घ्या. नंतर फोनवर कुणी देत नाही. आणि दाखल्यासाठी पोराला पंधरा दिवस घरी बसवू नका, नव्या शाळेत जाऊन विचारा की कागद येईपर्यंत वर्गात बसू देता का.

कालनिर्णयावर चार अक्षरं

हे माझं स्वतःचं आहे आणि ह्याच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. पोरगं गेलं नाही की त्या तारखेच्या चौकोनात लाल पेनाने एक अक्षर. आ म्हणजे आजारी. ग म्हणजे गावाला किंवा घरचं कार्य. ब म्हणजे बस चुकली, उशीर झाला. आणि न म्हणजे नुसतंच, कारण काहीच नाही, "आज नको ना आई". हे न लिहिताना हात जरा अडखळतो, कारण नुसतंच राहिलं म्हणजे आपणच राहू दिलं. पोरासमोर लिहा, लपवून नको, पण त्यावर लेक्चर पण नको. खाडा लिहिताना आपण दूधवाल्याशी भांडतो का?

महिना झाला की कालनिर्णय लांबून बघायचं. एका वाराची ओळ लाल झाली असेल तर आजारपण वगैरे काही नाही, त्या वाराला शाळेत काहीतरी आहे.

आमच्याकडे गुरुवार निघाला. नऊ गुरुवारांपैकी सहा लाल, आणि सहाही ठिकाणी मी स्वतः आ लिहिलेलं. सकाळी पोट दुखायचं, मी ओवा आणि काळं मीठ द्यायची, अकरा वाजता पोट बरं व्हायचं आणि साहेब पोहे मागायचे. इतके दिवस मला वाटायचं बुधवारी हा बाहेर काही खातो. मग वेळापत्रक काढून बघितलं तर गुरुवारी विज्ञानाचं प्रात्यक्षिक. रात्री पोळ्या लाटताना सहज विचारलं, जर्नल कुठंय रे तुझं. बराच वेळ गप्प. मग कळलं की एक प्रयोग लिहायचा राहिला होता, सरांनी वर्गाबाहेर उभं केलं, पुढच्या गुरुवारी भीतीने गेला नाही म्हणून दोन राहिले, मग तीन, मग सहा. पोराला विज्ञानाचा कंटाळा नव्हता, त्याला दाराबाहेर उभं राहायचं नव्हतं, वर्गातल्या मुली बघतात म्हणे. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मित्राचं जर्नल आणलं, दोन रात्री मी समोर बसले, भाजी निवडत, त्याने आकृत्या काढल्या. सरांना मी भेटले, तक्रार म्हणून नाही, एवढंच म्हणाले की सर सहाच्या सहा पूर्ण करून आणलेत, एकदा बघून घ्या. सरांनी बघितले. तुमच्याकडे तो गुरुवार दुसरा काही असेल, पीटीचे बूट नसतील, संस्कृतचं पाठांतर असेल, इंग्रजीत उभं राहून वाचायचं असेल. पण आधी ओळ दिसली पाहिजे.

पोचायचं कसं

माझ्या कॅलेंडरवर ब सगळ्यात जास्त होते, आणि हे सगळ्यात सोपं दुरुस्त होतं. आपल्याकडे पोरं लांबून येतात, पाथर्डी फाट्यावरून गंगापूर रोडला, आडगावहून पंचवटीत, देवळालीहून नाशिकरोडला, आणि द्वारका चौकात सकाळी काय ट्रॅफिक असतं ते सांगायला नको. नियम एकच ठेवला, ज्या बसने वेळेत पोचता येतं तिच्या आधीची बस पकडायची. दहा मिनिटं शाळेच्या ग्राउंडवर टाइमपास झाला तर होऊ दे. कारण उशीर झालेलं पोरगं काय करतं माहितीये का, गेट बंद दिसलं की परत फिरतं. आमचा दोनदा तसाच फिरला आणि शाळा सुटेपर्यंत बागेत बसून डबा खाऊन आला, मला कळलं महिन्याने. म्हणून त्याला स्पष्ट सांगून ठेवलं, उशीर झाला तरी आत जायचं, बोलणी खायची, मला फोन लावायला ऑफिसमध्ये सांगायचं, पण परत फिरायचं नाही. घरी उशिराबद्दल ओरडा मिळणार नाही हे पण सांगितलं, आणि पाळलं, ते पाळणं अवघड जातं.

पास पहिल्याच आठवड्यात काढा. शहरात सिटीलिंकचा, म्हणजे शहर बसचा, विद्यार्थी पास मिळतो. दिंडोरी, सिन्नर, त्र्यंबककडून एसटीने येणाऱ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, आणि ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे. ही योजना कितीतरी घरांत माहीतच नसते, भाड्याला पैसे नाहीत म्हणून पोरगी आठवड्यातून दोनदा घरी राहते. शाळेच्या ऑफिसात विचारा, फॉर्मवर मुख्याध्यापकांचा सही-शिक्का लागतो, ते बोनाफाईडही देतात.

पावसाळ्यात गोदेला पूर आला की पंचवटी-रामकुंडाकडची वाट वळते, तेव्हा कुठून जायचं ते जुलैतच ठरवून ठेवा. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्या, म्हणजे मोठ्या स्नानाचे दिवस, आहेत, ज्यांची पोरं तेव्हा दहावीत असतील त्यांनी तर बाकीचे खाडे आधीपासूनच वाचवून ठेवा, रस्ते कधी आणि कुठे बंद होतील ते आपल्या हातात नसणार.

घरचं वेळापत्रक, म्हणजे खरा आजार

आता जरा बोचेल असं. ३५ खाड्यांतले निम्मे आमच्या मोठ्यांच्या सोयीचे होते. ह्यांच्या कंपनीची सुट्टी शनिवारी, शाळेची रविवारी, मग शनिवारी सकाळी "अर्धाच तर दिवस आहे, राहू दे, वणीला जाऊन येऊ". गडावर दर्शन छान होतं, पटावर शनिवार पण मोजला जातो. ह्यांना सांगितलं की देवी रविवारी पण असते. एक रविवार सुट्टी बदलून मिळायला दोन महिने लागले, तोपर्यंत गेलो नाही.

लग्नाचंही तसंच. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू आणि तेव्हाच दुसरं सत्र रंगात येतं. हळदीला, मांडवाला, लग्नाला आणि पूजेला असे चार दिवस सगळ्या घराने जायची गरज नसते. पोरगं लग्नाच्या दिवशी येतं, बाकीचे दिवस आजीजवळ किंवा शेजारी राहतं. नातेवाईक बोलतात, "आता नववीतच आहे ना अजून". बोलू दे. सुट्टीचं टोक पण बघा, दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिले दोन-तीन दिवस अर्धा वर्ग रिकामा असतो, कारण परतीचं तिकीट आपण आपल्या सोयीचं काढतो. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, उड्या मारा, नाशिककर आहात, मारल्याच पाहिजेत, पण दुसऱ्या दिवशी रंग निघाला नाही हे कारण चालवू नका, तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते, रंगीत कान घेऊन जाऊ दे शाळेत.

शेतीवाल्या घरांचं माझ्यापेक्षा अवघड आहे हे मला माहितीये. माझं माहेर निफाडकडचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास द्राक्षांची छाटणी, मग डिपिंग, विरळणी, तिकडे कांद्याची लावणी, मजूर मिळत नाही, आणि घरात चौदा-पंधरा वर्षांचा धडधाकट पोरगा असतो. चौदाच्या आतल्या पोराला शाळेच्या वेळेत कामाला लावणं कायद्यातच बसत नाही, चौदाच्या पुढचं सांगते, एवढं तरी करा की शाळेआधी किंवा नंतर दोन तास, रविवारी पूर्ण दिवस, पण शाळेचा दिवस मोडून नाही. माझा भाऊ असाच दर छाटणीला राहायचा, दहावीला गणितात गेला, आज बाग उत्तम करतो पण औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण काढायला भाच्याला फोन करतो. आणि पेठ-सुरगाण्याकडून जे हंगामात कामाला खाली येतात त्यांनी पोराला बरोबर आणण्याआधी गावातच नातेवाइकाकडे किंवा आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात सोय होते का ते शाळेतल्या सरांना विचारून बघा, सर लोकांना ह्यातलं माहीत असतं.

रजेचा अर्ज

खूप जण लाजतात म्हणून नमुना देते, डायरीच्या पानावर किंवा साध्या कागदावर:

"माननीय वर्गशिक्षक यांस, माझा मुलगा (नाव), इयत्ता ९ वी अ, हजेरी क्रमांक २३, यास ताप असल्याने दि. ११ व १२ रोजी शाळेत येता आले नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. बुडालेला अभ्यास तो पूर्ण करेल. कृपया रजा मंजूर करावी. आपला विश्वासू," खाली सही आणि फोन नंबर.

एवढंच. खोटं कारण लिहू नका, आजी एका वर्षात तीनदा वारली की मॅडमच्या लक्षात येतं, आणि पोरासमोर खोटं लिहिलं की ते पुढच्या वेळी तुमची सही स्वतःच करतं. दोन दिवसांपेक्षा जास्त आजारपण असेल तर डॉक्टरची चिठ्ठी त्याच दिवशी घ्या आणि फोटो काढून ठेवा. सकाळी मेसेज पण टाका: "मॅडम, आज ताप आहे, येणार नाही, उद्या कळवते." मॅडम तुम्हाला फोन करतील त्याच्या आधी तुमचा मेसेज गेलेला असला की पुढची बोलणीच वेगळी होतात.

आणि संध्याकाळी त्याच दिवसाचा अभ्यास मागवा. वर्गातलं एक शहाणं पोर हेरून ठेवा, त्याच्या आईचा नंबर घ्या, वहीचे फोटो येतात. बुडालेला दिवस भरला नाही की दुसऱ्या दिवशी वर्गात काही कळत नाही, आणि कळत नाही म्हणून तिसरा दिवस बुडतो.

आजार नाही, गाव नाही, तरी जात नाही

ह्यात घाई करू नका. आधी रात्र बघा. मोबाईल आमच्याकडे साडेनऊला स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतो, ह्यांचा आणि माझा पण, नाहीतर पोरं ऐकत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत नाशकात सकाळचं सत्र असलं की गोधडीतून निघणं म्हणजे खरंच शिक्षा असते, निफाडकडे तर दवबिंदू गोठतात, तेव्हा दप्तर, युनिफॉर्म, सॉक्स रात्रीच काढून ठेवायचे आणि आंघोळीचं पाणी आपण तापवून द्यायचं. एवढे लाड करा.

मुलींच्या आयांनो, महिन्यातले ठरावीक दोन दिवस लाल दिसत असतील तर कारण तुम्हाला कळलंच असेल. दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा, दप्तरात पॅड आणि एक जास्तीची सलवार ठेवा. पण पोरगी म्हणाली शाळेतल्या बाथरूमला कडी नाही, पाणी नाही, तर ते पालकसभेत उठून बोला. एकटीने बोलायला जड जातं, आम्ही पाच जणी एकदम उभ्या राहिलो, आठवड्यात कडी लागली. पाण्याला तीन महिने लागले.

कुणी त्रास देतंय, चिडवतंय, रस्त्यात अडवतंय, असं काही असेल तर पोर सरळ सांगत नाही, वाट बदलतं, डबा तसाच आणतं, मित्राचं नाव घेणं बंद करतं. अशा वेळी "जावंच लागेल" म्हणून ढकलू नका, आधी मुख्याध्यापकांकडे जा, लेखी द्या, पोच घ्या. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, तो पोराला पण पाठ असू द्या.

क्लासचं एक राहिलं. "क्लासमध्ये सगळं होतं, शाळेत नुसता टाइमपास" असं पोरगं म्हणतं आणि आपल्यालाही पटतं, कारण क्लासची फी आपण मोजून भरलेली असते. पण हजेरी शाळेची लागते, प्रात्यक्षिक शाळेत होतं, हॉल तिकीट शाळा देते. क्लासमुळे झोप किंवा शाळा बुडत असेल तर बॅच बदला.

शेवटचं, हे मी पहिल्या वर्षी चुकले. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि कालनिर्णय जानेवारीला बदलतं. जुनं रद्दीत टाकायच्या आधी जून ते डिसेंबरची पानं फाडून फाइलला लावा, नाहीतर फोटो काढा. आमचं तेव्हा डब्यांच्या फळीवर अंथरलं गेलं होतं आणि ऑक्टोबरचे खाडे मोजायला मला हळदीचा डबा उचलावा लागला, नेमका गुरुवार पिवळा झाला होता.